चार्ट बोलतो, पण कालचं!

लंच ब्रेकमध्ये शेजारच्या टेबलवरचा मित्र मोबाइलवर लाल-हिरव्या कँडल्स दाखवत 'ब्रेकआउट'च्या गप्पा मारतोय? घाबरू नका, हे गणित गावाकडचंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीत सोयाबीन विकायला काढताना आधी विचारतात, भाव काय नि आवक किती? चार्टिंग सॉफ्टवेअरही साधारण हेच सांगतं. प्रत्येक कँडलमध्ये चार भाव: सुरुवातीचा, शेवटचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा. तळाशी उभे पट्टे म्हणजे व्हॉल्यूम, किती शेअर्सचे सौदे झाले ते.

शिकायचं कसं? ट्रेडिंगव्ह्यूसारख्या साइटवर फुकट खातं उघडा. डेली चार्ट, व्हॉल्यूम आणि 200 दिवसांची सरासरी, बस्स. इंडिकेटर्सची रांगोळी नको. सेन्सेक्सचा चार्ट मागे सरकवून फेब्रुवारी 2020 गाठा आणि एकेक कँडल पुढे या. दर वेळी आधी अंदाज वहीत लिहा. 23 मार्चला सेन्सेक्स 3,934 अंकांनी कोसळला, सरासरीची रेघ मात्र जेमतेम हलली. तिच्यात एका दिवसाचं वजन दोनशेत एक! ती मागूनच येणार.

आणि हो, लगेच पगार लावू नका. सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार, 2021-22 ते 2023-24 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर 100 वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 तोट्यात गेले. चार्ट त्यांच्याकडेही होतेच की! तीन महिने वहीतले अंदाज तपासा. चुकले तर पानं भरतील, खिसा शाबूत राहील.