डुकरांचे कृत्रिम रेतन आणि माणसांचे आरोग्य

परभणीसारख्या शहरात डुक्कर म्हटले की उकिरडा, गटार आणि महापालिकेकडे जाणाऱ्या तक्रारीच आठवतात. बंदिस्त शेडमधले व्यावसायिक वराहपालन ही मात्र वेगळी गोष्ट आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नर असलेल्या पैदास केंद्राला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. या धंद्याचा नफा मादी वेळेवर गाभण राहण्यावर ठरतो. ती कोणत्या पद्धतीने गाभण राहते, याचा संबंध माणसांच्या आरोग्याशीही पोहोचतो.

डुकराची मादी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दोन-तीन दिवस टिकतो. योनिमुख लाल होऊन सुजते, खाणे कमी होते आणि पाठीवर दाब दिला की मादी जागीच स्थिर उभी राहते. हीच फळवण्याची योग्य वेळ. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारखी मादी एका वेताला साधारण आठ ते बारा पिले देते. एक माज हुकला तर तीन आठवड्यांचे खाद्य वाया गेले असे समजावे.

नैसर्गिक पद्धतीत दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. छोट्या पालकाला नर पोसणे परवडत नाही, म्हणून तो दुसऱ्याकडून आणला जातो. धोका इथेच असतो. एका कळपातून दुसऱ्या कळपात जाणारा नर ब्रुसेलोसिससारखे रोग सोबत नेतो. या रोगाने मादी गाभडते. गर्भ किंवा वार उघड्या हातांनी उचलणाऱ्या माणसालाही तो होऊ शकतो. मग आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी सुरू होते. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, पण तो कळपच्या कळप संपवतो.

कृत्रिम रेतनात नर हलवावा लागत नाही. नराचे एका वेळचे वीर्य २०० ते ३०० मिलिलिटर भरते. ते तपासून, पोषक द्रावणात मिसळून त्याच्या दहा-वीस मात्रा होतात. गाईच्या रेतकांडीत जेमतेम पाव मिलिलिटर असते, तर डुकराची एक मात्रा ८० ते १०० मिलिलिटरची. डुकराचे शुक्राणू थंडी सहन करत नाहीत. त्यामुळे ते गाईच्या वीर्यासारखे द्रवरूप नत्रात गोठवण्याऐवजी बहुतेक वेळा १७ अंश सेल्सिअसला द्रव स्वरूपातच ठेवून काही दिवसांत वापरतात. आसाममध्ये राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने ही पद्धत पालकांपर्यंत नेली आहे.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे, ती उन्हाळ्याची. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांच्या वर जातो आणि डुकराला माणसासारखा घाम येत नाही. उष्णतेने नराचे शुक्राणू बिघडतात. नवे शुक्राणू तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागत असल्याने मे महिन्यातल्या उन्हाचा फटका जून-जुलैमध्ये माद्या उलटण्यात दिसतो. नराला सावली, पाण्याचे फवारे आणि हवेशीर जागा हवीच.

मात्र कृत्रिम रेतन म्हणजे आपोआप निर्धोक, असे नव्हे. नर रोगी असेल तर एकाच वीर्यातून रोग अनेक माद्यांपर्यंत जातो. म्हणून नराची नियमित रक्ततपासणी आणि रेतनाच्या साधनांची स्वच्छता यांत तडजोड चालत नाही.

शिवाय, रेतन कितीही आधुनिक केले तरी जनावर मोकाट असेल तर निम्मा फायदा वाया जातो. उघड्यावरची मानवी विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या वाढतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले की माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून हात, पाणी किंवा कच्च्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत पोहोचतात आणि फिट येऊ लागते. भारतात अपस्माराच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. डुकराचे मांस कधीच न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. बंदिस्त शेड, शौचालयाचा वापर, पूर्ण शिजवलेले मांस आणि धुतलेली भाजी एवढ्याने ही साखळी तुटते.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. वराहपालकाने मादी गाभडली तर हातमोजे घालूनच साफसफाई करावी आणि पशुवैद्यकाला कळवावे. घरात कुणाला बरेच दिवस ताप राहिला किंवा पहिल्यांदाच फिट आली, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. त्या एका माहितीने योग्य तपासणी लवकर होते, आणि हे दोन्ही आजार औषधांनी आटोक्यात येतात.