वर्गणी : कुलपाची आणि मांडवाची

‘वर्गणी’ हा एकच शब्द आपण दोन अगदी विरुद्ध अर्थांनी वापरतो. गल्लीतील तरुण मंडळ गणेशोत्सवाची वर्गणी मागते. पण ती न देणाऱ्यालाही मांडवात आरतीस उभे राहता येते. संशोधनपत्रिकेची वर्गणी हे मात्र दाराला लावलेले कुलूप असते. ज्याने ती भरली त्यालाच आत प्रवेश! आतील लेख बहुधा प्राध्यापकांनी मानधनाशिवाय लिहिलेले आणि त्यांच्याच व्यवसायबंधूंनी मानधनाशिवाय तपासलेले असतात, ही गोष्ट वेगळीच.

या कुलपाची किल्ली केंद्र शासनाने घाऊक खरेदी केली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिकांसाठी तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. योजनेचा लाभ मोठा आहे, यात शंका नाही. परंतु ती आखली गेली केंद्र व राज्य शासनांच्या संस्थांसाठी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत. आणि निवृत्तीनंतर अभ्यास करू इच्छिणारा शिक्षक तर कोणत्याच यादीत बसत नाही. शिवाय मुदत सरली की किल्ली परत!

मांडवाच्या वर्गणीवर चालणारी व्यवस्थाही जगात आहे. पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ साली लॉस अलामोस येथे ‘आर्काइव्ह’ हे लेखभांडार सुरू केले. छापून येण्यापूर्वीच लेख तेथे ठेवावा आणि कोणीही तो फुकट वाचावा, इतकी साधी कल्पना. २००१ साली हे भांडार कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले. आज तेथे वीस लाखांहून अधिक लेख आहेत. वाचकाला फुकट असले तरी यंत्रे, वीज आणि माणसे फुकट मिळत नाहीत. एका विद्यापीठाने हा भार किती काळ वाहावा? म्हणून २०१० पासून कॉर्नेलने अधिक वापर करणाऱ्या संस्थांकडे ऐच्छिक वर्गणी मागण्यास आरंभ केला. न देणाऱ्याचे वाचन मात्र बंद केले नाही.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. येथील करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा करणारे देशातील पहिले संस्थानही कोल्हापूरच. तो कायदा १९४५ चा. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने पुढे जाऊन मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकरच बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. आपली ग्रंथालये सभासदांची वर्गणी आणि शासकीय अनुदान यांवरच उभी राहिली. अनुदान लांबले म्हणजे ग्रंथपालाची काय ओढाताण होते, हे ठाऊक असणारे वाचक या शहरात पुष्कळ आहेत. खुल्या ज्ञानभांडारांचे दुखणे हेच आहे. उभारणीसाठी देणग्या मिळतात. दरमहाच्या खर्चाला कोणी वाली नसतो.

‘फुकट मिळते त्याला पैसे का द्यावेत?’ हा प्रश्न कृपणपणाचा आहे, असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयाच्या कचेरीत तो फार व्यावहारिक रूप घेतो. पत्रिकेची वर्गणी भरली तर अंक येतो, पावती येते, दाखलनोंदवहीत नोंद होते. खुल्या भांडाराला पैसे धाडले तर नोंद कशाची करावयाची? हिशेबनीसाने आक्षेप घेतला, तर तो त्याच्या कर्तव्यालाच धरून आहे. अडचण माणसांच्या नियतीत नाही, अंदाजपत्रकाच्या रकान्यात आहे.

तेव्हा रकाना बदलावा. ‘पुस्तके व नियतकालिके’ याखाली ‘खुली ज्ञानसाधने’ हा उपशीर्ष घालावा आणि ग्रंथालयाच्या शंभर रुपयांतील दोन रुपये त्यात टाकावेत. एका महाविद्यालयाची रक्कम किरकोळ होईल, परदेशी चलनात धाडण्याची यातायात तिला परवडणारही नाही. म्हणून ती विद्यापीठाने एकत्र करावी. तिचा निम्मा भाग बाहेरच्या भांडारांना द्यावा. उरलेला निम्मा मराठीतील शोधनिबंध, प्रबंध आणि जुनी कागदपत्रे सर्वांना वाचता येतील अशा रीतीने जतन करण्यासाठी राखून ठेवावा. ते काम कॉर्नेल आपल्यासाठी करणार नाही. अधिसभेत हा ठराव मांडण्यास शिक्षक प्रतिनिधी पुरेसे आहेत. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.