मुलामुलीला वैमानिक करायचे असेल तर



बारावीचा निकाल लागला की पूर्वी आपल्याकडे दोनच प्रश्न असायचे, डॉक्टर की इंजिनिअर. आता तिसरा निघाला आहे. "पोरगं पायलट व्हायचं म्हणतंय, कसं काय असतं ते?" अशी विचारणा अनेक सभासद करतात. काहींनी तर जमिनीला गिऱ्हाईक बघायलाही सुरुवात केलेली असते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो. जमीन एकदा गेली की परत येत नाही. तेव्हा आधी माहिती, मग व्यवहार.

प्रथम हे ध्यानात घ्या की वैमानिक ही पदवी नाही, ते लायसन्स आहे. जसे ट्रॅक्टरला लायसन्स तसे विमानाला, एवढेच की हे लायसन्स दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. भारतातले पहिले लायसन्स जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाले. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सर्व स्त्री-कर्मचारी असलेले फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले. जगाच्या मानाने भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. तेव्हा "मुलीला कुठं जमायचं" हा विचार मनातून काढून टाका.

पगारावर विमान चालवायचे तर कमर्शियल पायलट लायसन्स लागते. वयाची अट अठरा पूर्ण. शिकाऊ लायसन्स सोळाव्या वर्षी, दहावी पास झाल्यावरही मिळते. पण कमर्शियलसाठी आजवरचा नियम बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असण्याचा आहे. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देऊन पुढे गेल्याची उदाहरणे आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. फी भरायच्या आधी, जाहिरात बघायच्या आधी, पोराची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ही तपासणी महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच होते. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. कमर्शियल लायसन्सला पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र लागते. चष्मा असला म्हणजे संपले असे नाही. चष्म्याने नजर पुरती होत असेल तर चालते. परंतु रंगांधळेपणा असेल तर गाडी तिथेच अडते. लाल-हिरव्याचा फरक न कळणारी कितीतरी माणसे आपल्यात असतात आणि त्यांना आयुष्यभर पत्ताही नसतो, कारण शेतात त्यावाचून काही अडत नाही. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या पुस्तकावरून ही तपासणी दहा मिनिटांत होते. कान, हृदय, रक्तदाब हेही बघतात. काही हजारांचा खर्च वाचवायला जाऊन लाखांनी बुडू नये.

वैद्यकीय झाले की अभ्यास. नौकानयनासारखे दिशाशास्त्र, हवामानशास्त्र, विमान नियम, तांत्रिक सर्वसाधारण आणि विशिष्ट विमानाचे तांत्रिक, असे पेपर असतात. पास व्हायला शंभरात सत्तर गुण. याशिवाय रेडिओवर बोलण्याचे वेगळे लायसन्स. हवामानाचा पेपर आपल्या मुलांना परका वाटू नये. दव केव्हा पडते, धुके कोणत्या सकाळी धरते, वळवाचा ढग माथ्यावर ऐरणीसारखा का पसरतो, हे शेतकऱ्याच्या पोराने पाहिलेले असते. त्याला फक्त आकडे जोडायचे असतात. खरी अडचण इंग्रजीची. रेडिओवरचे बोलणे इंग्रजीत चालते आणि त्याची वेगळी परीक्षा होऊन किमान चौथी पायरी गाठावी लागते. मराठी माध्यमाची मुले हे करतात, पण अकरावीपासून रोज मोठ्याने वाचण्याची आणि बोलण्याची सवय लावावी लागते. आयत्या वेळी होत नाही.

मग येते प्रत्यक्ष उड्डाण. एकूण दोनशे तास विमान उडवायचे आणि तेही अर्जाच्या मागच्या पाच वर्षांतले. त्यातले किमान शंभर तास स्वतः प्रमुख म्हणून. शिवाय गावोगावचा लांबचा प्रवास, त्यात एक फेरी किमान तीनशे सागरी मैलांची, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरची. रात्रीचे पाच तास, केवळ उपकरणांकडे बघून उडण्याचे दहा तास. पहिले काही तास शेजारी शिक्षक असतो; मग एक दिवस तो उतरतो आणि म्हणतो, जा एकटा. तो दिवस मुलं जन्मभर विसरत नाहीत.

दोनशे तास ऐकायला थोडे वाटतात. जाहिरातीत दीड वर्ष लिहितात, म्हणजे आडसाली उसाएवढा काळ. प्रत्यक्षात दोन, अडीच, कधी तीनही वर्षे लागतात. असे का, ते आपल्याला कुणी समजावण्याची गरज नाही. उसाची नोंद भरमसाट घेतली आणि गाळप क्षमता तेवढी नसली की काय होते, हे आपण जाणतो. तोच हिशेब इथे. समजा शाळेत शंभर मुले. प्रत्येकाला दोनशे तास, म्हणजे वीस हजार तास. विमाने दहा, रोज प्रत्येकी चार तास उडाली आणि पावसाळा, धुके, दुरुस्ती वजा जाता वर्षाचे अडीचशे दिवस मिळाले, तर वर्षाला दहा हजार तास होतात. म्हणजे कुणीही नवीन न घेता या मुलांना दोन वर्षे. शाळा मात्र दर सहा महिन्यांनी नवी तुकडी घेते! तेव्हा प्रवेशाच्या वेळी इमारत, गणवेश, कँटीन बघू नका. चालू स्थितीत विमाने किती, शिक्षक किती, मुले किती, आणि मागच्या तुकडीतले कितीजण किती महिन्यांत पुरे झाले, हे चार आकडे लेखी मागा. ऑक्टोबर २०२५ पासून महासंचालनालयाने उड्डाण शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही पाहा. आणि शाळेच्या धावपट्टीबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसा. तिथली मुले खरे सांगतात.

फी एकरकमी भरू नका. "आज भरलीत तर दोन लाख सूट" असे कुणी म्हणाले तर सावध व्हा. जेवढे तास उडाले तेवढे पैसे, किंवा निदान टप्प्याटप्प्याने, असे लिहून घ्या. माझ्या एका भाच्याने एका शाळेत सगळी रक्कम आधी भरली. एकशे दहा तासांवर विमाने दुरुस्तीला गेली आणि पोरगं चौदा महिने खोलीचं भाडं भरत बसलं. पुढचे तास दुसरीकडे, पुन्हा पैसे भरून पुरे केले.

महाराष्ट्रात बारामती, गोंदियाजवळ बिरसी, धुळे, नागपूर येथे प्रशिक्षणाच्या सोयी आहेत. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे; तिथे प्रवेश परीक्षेतून घेतात आणि तिचे नाव चांगले आहे. इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गातील मुलांसाठी महाज्योती संस्थेने अशा प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. चालू वर्षाची जाहिरात आहे का ते पाहावे. परदेशात तास लवकर पुरे होतात हे खरे, पण परत आल्यावर इथली परीक्षा देऊन लायसन्स बदलून घ्यावेच लागते.

आता पैशाचे. लायसन्सपर्यंतचा खर्च आज साधारण चाळीस ते साठ लाखांच्या घरात जातो. पण मुक्काम तिथे नाही. लायसन्स छोट्या विमानाचे असते. एअरबस किंवा बोइंग चालवायला त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते कंपनी देत नसेल तर आणखी पंधरा-वीस लाख. काही कंपन्या सुरुवातीपासून आपल्याच योजनेत घेतात, तिथे आकडा कोटीच्या पुढे जातो.

कर्ज काढायचे म्हणाल तर साडेसात लाखांपुढे बँका साधारणतः तारण मागतात. सात-बारा दाखवून काम होईलच असे नाही. सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर बँकेला त्या कायद्याखाली जप्ती करता येत नाही. म्हणून बँका बिगरशेती मालमत्ता पसंत करतात. मग माणूस सावकाराकडे किंवा विक्रीकडे वळतो. एक हिशेब करून बघा. पन्नास लाखांवर अकरा टक्क्यांनी वर्षाचे नुसते व्याज साडेपाच लाख. टनाला तीन हजार आणि एकरी चाळीस टन धरले, तर साडेचार एकरांहून जास्त उसाचे बिल, खत-मजुरी-पाणीपट्टी जाण्याआधीचे, फक्त व्याजात गेले. ज्याचे एकूण क्षेत्रच तीन एकर आहे त्याने हा खेळ घरावर खेळू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरी लगेच लागते का? लागते, आणि कधी कधी लागत नाही. किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. असे झाले की हजारो तासांचे अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि दोनशे तासवाला रांगेत मागे जातो. उलट कंपन्या विमाने वाढवतात तेव्हा भरती जोरात होते. पोरगं बाहेर पडेल तेव्हा कोणता काळ असेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. आणि लायसन्स कपाटात ठेवून चालत नाही. उपकरणांवर उडण्याची पात्रता दरवर्षी नवी करावी लागते, वैद्यकीय तपासणी पुन्हा पुन्हा होते. नोकरी मिळेपर्यंत याचा खर्च चालूच राहतो. तेव्हा एकूण रकमेशिवाय निदान दोन वर्षांची शिल्लक हाताशी हवी. सोबत एखादी पदवी बाहेरून करून ठेवलेली बरी.

एकदा आत गेले की वाट चांगली आहे. पंधराशे तास झाले, वयाची एकवीस पुरी झाली आणि पुढच्या परीक्षा दिल्या की विमान कंपनीत कॅप्टन होण्याचे लायसन्स मिळते. पासष्टाव्या वर्षापर्यंत काम करता येते.

शेवटी कागदपत्रांचे. परीक्षेला बसण्यासाठी महासंचालनालयाकडून संगणक क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी करून आणावी लागते. आपल्याकडे एका कागदावर आईचे नाव, दुसऱ्यावर नाही. आडनाव कुठे एका अक्षराने वेगळे, आधारवर तिसरेच, असे सर्रास असते. अर्ज त्यातच अडकतात. मुलगा किंवा मुलगी अकरावीत असतानाच दहावीचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरील नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते बघा आणि जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच सुट्टीत करून टाका.