उंची कशापासून मोजायची?

सह्याद्रीत ड्रोनने मोजणी करायला लागलो तेव्हा वाटायचं, सुरक्षित उंची म्हणजे एक आकडा. तो भरला की काम झालं. आता मागे वळून पाहताना कळतं, की आकडा ठरवणं सोपं होतं. तो कशापासून मोजायचा, हे समजायलाच वर्षं गेली.

पहिलं उत्तर होतं, जिथून ड्रोन उडवला तिथून. यंत्रातला वायुभारमापक उड्डाणाच्या जागेला शून्य धरतो आणि तिथून किती वर चढलो ते सांगतो. माळरानावर तेवढं पुरतं, डोंगरात नाही. एकदा पायथ्याच्या शेतातून शंभर मीटरवर उड्डाण लावलं होतं. डोंगराच्या सोंडेवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा फोन आला, ‘‘थांबवा, पाती मोजता येतील इतका जवळून गेला!’’ माझ्या स्क्रीनवर शंभरच दिसत होते. आकडा खोटा नव्हता, पण तो शेतापासूनचा होता. सोंड शेताच्या ऐंशी मीटर वर होती.

उलटी चूकही तितकीच घातक. कड्यावरून उडवलेला ड्रोन शंभर मीटरवर स्थिर असतो आणि खाली दरी लागताच जमिनीपासून कित्येकशे मीटर वर जातो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या, म्हणजे परवानगीविना उडवता येणाऱ्या क्षेत्रातली मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर ठेवली. त्यावरच्या आकाशाला परवानगी लागते, कारण तिथे विमानं आणि हेलिकॉप्टरं असू शकतात.

दुसरं उत्तर अवकाशातून आलं. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला. पुढे हीच माहिती ड्रोन चालवणाऱ्या आर्डूपायलटसारख्या प्रणालींत आली आणि ड्रोन जमिनीचा चढउतार ओळखून उडू लागला. हा मोठाच पल्ला होता. पण त्या नकाशाचा एक चौकोन साधारण तीस मीटरचा असतो. उभा कडा त्यात बोथट होतो, अरुंद धार सरासरीत हरवते. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, मोबाइलचे मनोरे, उच्चदाबाच्या तारा त्यात शोधायच्याच नसतात.

त्यात समुद्रसपाटीचा घोळ. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते आणि नकाशातली समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे या दोहोंत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. एकीकडची उंची दुसरीकडे तशीच भरली, तर अख्खी टेकडी चुकते.

उंची चुकली की मोजणीही बिघडते. शंभर मीटरवरून सलग फोटोंत ८० टक्के भाग सामाईक राहील असा आराखडा केला आणि मध्ये चाळीस मीटरचं टेपाड आलं, तर तिथे तो भाग ६७ टक्क्यांच्या आसपास येतो. नकाशाला भोकं पडतात, पुन्हा डोंगर चढावा लागतो. पुरंदरमधल्या सोनोरीत, मल्हारगडाच्या पायथ्याशी, गावठाणाची ड्रोन मोजणी आधी करून पाहिली गेली आणि २०२० मध्ये गावठाणांच्या अशाच मोजणीची केंद्राची स्वामित्व योजना आली. आता या नकाशांवर लोकांच्या घराची मिळकत पत्रिका उभी असते. तिथे भोक परवडत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहिली ती परतीची उंची. संपर्क तुटला की ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत घरी निघतो. आर्डूपायलटवर चालणाऱ्या अनेक पंख्यांच्या ड्रोनला ही उंची मुळात १५ मीटर दिलेली असते. जुना आंबाही त्याहून उंच वाढतो, मग मधल्या डोंगरसोंडेचं काय?

आज माझी रीत ठरलेली आहे. उड्डाण शक्यतो परिसरातल्या उंच जागेवरून करायचं. अवकाशातून मोजलेली जमिनीची उंची घ्यायची, तिच्यावर झाडांची, मनोऱ्यांची उंची चढवायची आणि वर चुकीसाठी जागा सोडायची. परतीची उंची वाटेतल्या सर्वांत उंच टोकाच्या वर ठेवायची. आणि बॅटरी लावण्याआधी गावातल्या एखाद्या गुराख्याला विचारायचं, ‘‘दादा, या अंगाला तारा कुठून जातात?’’

नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे : स्क्रीनवरचा आकडा वाचण्याआधी डोंगराकडे नीट बघा. तो आकडा कशापासूनचा आहे हे सांगता येत नसेल, तर त्या दिवशी ड्रोन उडवू नका.