निमोच्या पिल्लाआधी त्याचा घास

कोल्हापूर ते समुद्र म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंतची सव्वाशे किलोमीटरांची वाट. तरीही कोल्हापुरातल्या एखाद्या दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत, प्रवाळबेटांवरच्या क्लाऊनफिशचा संसार थाटता येतो. क्लोरिन काढलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण 33 ग्रॅम तयार सागरी मीठ, 26 ते 28 अंश तापमान आणि अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजेपर्यंत काही आठवड्यांचा धीर, एवढ्यावर हा समुद्र उभा राहतो. समुद्रात क्लाऊनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतो, ते समुद्रफूलसुद्धा लागत नाही.

जोडी जमवताना नर कोणता, मादी कोणती हे शोधत बसावं लागत नाही, कारण या माशांत जन्मतः मादी कुणीच नसते! लहान-मोठी दोन पिल्लं एकत्र सोडली की मोठं मादी होतं आणि धाकटं नर. पुढे मादी मेली तर नरच मादी बनतो. ‘फाइंडिंग निमो’ या 2003च्या चित्रपटात निमो नावाच्या क्लाऊनफिशच्या पिल्लाची आई मरते. खऱ्या समुद्रात त्यानंतर त्याचा बाबाच मादी झाला असता.

जोडी वयात आली की मादी एखाद्या कुंडीच्या किंवा फरशीच्या तुकड्यावर शेकडो केशरी अंडी चिकटवते. त्यांची राखण प्रामुख्यानं बाप करतो. परांनी सतत वारा घालतो आणि खराब अंडी तोंडानं वेचून काढतो. आठवडाभरात अंड्यांतून रुपेरी डोळे चमकू लागतात. मग एका रात्री, दिवे मालवल्यावर, पिल्लं बाहेर पडतात. त्यांना लगेच वेगळ्या टाकीत न्यावं लागतं, नाहीतर फिल्टर त्यांना ओढतो किंवा मोठे मासे गिळतात.

खरी कसोटी इथून लागते. हे पिल्लू जेमतेम तिळाएवढं, त्याचं तोंड त्याहून कितीतरी लहान. पोटातला बलक लवकर संपतो आणि बाजारातला कुठलाच चुरा त्याला चालत नाही. समोर हलणारा, जिवंत घासच हवा. तो म्हणजे रोटिफर, मिलिमीटरच्याही अंशाएवढा सूक्ष्मजीव. रोटिफरला जगवायला नॅनोक्लोरोप्सिससारखं हिरवं शेवाळ हवं, ज्याची एक पेशी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी. म्हणून जाणता पाळणारा अंड्यांची वाट पाहण्याआधीच बाटल्यांमध्ये हिरवं पाणी वाढवू लागतो. आधी शेवाळ, मग रोटिफर, मग पिल्लू. प्रवाळबेटाभोवतीच्या अन्नसाखळीचा पायाच त्याला घरात घालावा लागतो.

काही दिवसांनी रोटिफरच्या जोडीला आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची नुकती फुटलेली पिल्लं दिली जातात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, पाण्यात भिरभिरणारं ते पारदर्शक पिल्लू तळाकडे वळतं आणि केशरी होऊ लागतं. त्यावर पांढरे पट्टेही क्रमानं उमटतात: आधी डोक्यामागे, मग अंगाच्या मध्यावर, शेवटी शेपटीजवळ. या बदलाची सूत्रं थायरॉइडच्या संप्रेरकाकडे असतात. तेच संप्रेरक आपल्याही वाढीला लागतं!

आपल्या राज्यात ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननं, लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीनं, शोभिवंत सागरी माशांचं बीजोत्पादन केंद्र उभारलं आहे. टाकीत जन्मलेल्या प्रत्येक क्लाऊनफिशमागे समुद्रातला एक मासा जाळ्यातून वाचू शकतो. म्हणून निमो घेताना दुकानदाराला आधी विचारा, हा कुठे जन्मला? उत्तर ‘बीजोत्पादन केंद्रात’ असेल, तरच तो घरी आणा. आणि जिवंत प्रवाळ तर मागूच नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनं त्याला संरक्षण दिलं आहे.