त्सो मोरिरी : पट्टकादंबांच्या माहेरी

लडाखला गेलेला मराठी पर्यटक पँगाँग पाहतोच. आग्नेयेकडचा त्सो मोरिरी तलाव मात्र बहुतेकांच्या आखणीतून गळतो, आणि तो अंतरामुळे. लेहहून सिंधूच्या काठाकाठाने उपशी, चुमाथांग करत माहेच्या पुलापर्यंत यायचं, तिथे नदी ओलांडून सुमदोमार्गे डोंगरात शिरायचं. चुमाथांगला नदीलगत गरम पाण्याचे झरे आहेत, पुढे क्यागर त्सो हा छोटा तलाव लागतो. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट एका दिवसात जाऊन परतण्याजोगी नाही. माझ्या मते त्सो मोरिरीचं भाग्य त्यातच आहे.

समुद्रसपाटीपासून 4,500 मीटरहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीन पट उंचीवर हे पाणी आहे. लांबी पंचवीस किलोमीटरच्या वर, क्षेत्रफळ सुमारे 120 चौरस किलोमीटर. पश्चिमेला मेंटोक कांगरीची शिखरं, पूर्वेला चामसेर आणि लुंगसेर कांगरी. ही दोन्ही 6,600 मीटरच्या पुढची. आजूबाजूचं बर्फ वितळून पाणी तलावात येतं. पूर्वी ते दक्षिणेकडून वाहून जायचं, पुढे ती वाट बंद झाली. आता पाणी बाहेर पडतं ते फक्त वाफ होऊन. क्षार मागे राहतात, म्हणून चव मचूळ. सकाळी फिकट असलेला रंग दुपारपर्यंत गडद निळा होतो. हिवाळ्यात सारा तलाव गोठतो.

अशा कोरड्या, गार पठारावर उन्हाळ्याचे मोजके महिने पक्ष्यांचे असतात. काठच्या पाणथळ कुरणांत आणि लहान बेटांवर पट्टकादंब अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा हा हंस हिवाळ्यात उजनीला, जायकवाडीला उतरतो, तेव्हा आपले पक्षिमित्र पहाटेपासून दुर्बिणी लावून बसतात. हिमालय ओलांडताना हा पक्षी सात हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे. त्याच्या सोबतीला चक्रवाक, मोठी शेंडीबदकं आणि नशीब असेल तर काळ्या मानेचा क्रौंच. 2002 मध्ये त्सो मोरिरीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

काठावर गाव एकच, कोरझोक. तिथे द्रुकपा पंथाचा गोंपा आहे, आणि सातूची शेतं. इतक्या उंचीवरची शेती जगात फार थोड्या ठिकाणी होते. भोवतालच्या पठारावर चांगपा पशुपालक याक आणि पश्मिना बकऱ्यांचे कळप घेऊन कुरणामागून कुरण फिरतात. याकच्या केसांपासून विणलेले त्यांचे काळे तंबू म्हणजे रेबो. उन्हाळ्यात गोंपात गुस्तोरचा उत्सव भरतो, मुखवट्यांचं छाम नृत्य होतं, तेव्हा दूरदूरचे चांगपा कोरझोकला जमतात. तारखा तिबेटी पंचांगाप्रमाणे बदलतात. जुळवता आल्या तर सहल त्याच सुमारास आखावी.

इथे बोटिंग शोधू नका. इथली मजा पायी चालण्यात आहे. कोरझोकमागच्या टेकाडावर चढलं की तलावाचा मोठा पट्टा नजरेत येतो. वाटेत मार्मोट आणि कियांग, म्हणजे रानगाढवं, दिसू शकतात. कसलेले ट्रेकर इथून परांग ला खिंड ओलांडून स्पितीत उतरतात. ती वाट साडेपाच हजार मीटरच्या वर जाते. अनुभव आणि जाणकार वाटाड्या नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

जायचं तर जून ते सप्टेंबर. लेहला निदान दोन रात्री नुसती विश्रांती घ्यावी, मगच वर चढावं. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, असं झालं तर हट्ट न करता खाली उतरावं. सीमेजवळचा भाग असल्याने परवान्याचे चालू नियम लेहमध्येच विचारून घ्यावेत. मुक्काम गावातल्या घरांत करावा. पैसे गावात राहतात आणि तंबूंची गर्दी काठापासून लांब राहते.

एक विनंती मात्र कळकळीची. फोटोसाठी गाडी थेट पाण्याच्या काठावर नेऊ नका. त्या ओलसर गवतात घरटी असतात, आणि चाकाखाली गेलेल्या अंड्याला तो छोटा उन्हाळा पुन्हा संधी देत नाही. गाडी गावात ठेवा, दुर्बीण घ्या, कचरा आपल्यासोबत लेहला परत आणा.