दोन उजव्या खुर्च्या

येवल्याहून कोपरगाव ओलांडले की काकडी गावातला शिर्डी विमानतळ फार लांब नाही. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तो सुरू झाला आणि या भागातल्या मुलांना मोठी विमाने जवळून दिसू लागली. बारावीला फिजिक्स आणि गणित घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने ‘पायलट व्हायचंय’ म्हटले, की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो. दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे: लायसन्स मिळाल्यावर काम कोणते आणि ते करताना आयुष्य कसे असेल?

आधी मार्ग पाहू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय किमान 18 वर्षे, क्लास वन वैद्यकीय दाखला आणि 200 तासांचे उड्डाण लागते. शिवाय नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र असे लेखी पेपर असतात आणि रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. हे शिकायला परदेशी जायलाच हवे असे नाही. मनमाड-मालेगावमार्गे धुळ्याला गेलात तर 1928 साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण तिथे चालते. शिरपूर, जळगाव, बारामती आणि गोंदिया येथेही उड्डाणशाळा आहेत. खर्च ढोबळमानाने अर्धा कोटी धरावा. एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, त्याचा खर्च वेगळा.

परवाना हाती आला की वैमानिकासमोर दोन खुर्च्या असतात आणि दोन्ही उजव्या. एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर कॅप्टनच्या उजवीकडे बसतो. सेसनासारख्या छोट्या शिकाऊ विमानात विद्यार्थी डावीकडे आणि प्रशिक्षक उजवीकडे असतो. प्रशिक्षक व्हायचे तर आणखी अनुभव आणि वेगळे रेटिंग लागते. सुरुवात सहायक प्रशिक्षक म्हणून, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होते. पुढे पूर्ण प्रशिक्षक आणि शेवटी शाळेचा मुख्य प्रशिक्षक, म्हणजे सीएफआय, होता येते.

आपल्याकडे या दुसऱ्या खुर्चीला माणसे कमी पडतात. अमेरिकेत 2009 मध्ये बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातानंतर 2013 पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरला साधारण 1500 तासांचा अनुभव सक्तीचा झाला. त्यामुळे तिथले तरुण तास भरण्यासाठी आधी इतरांना शिकवतात. भारतात मात्र 200 तासांचा वैमानिक टाइप रेटिंग करून थेट एअरलाइनमध्ये जाऊ शकतो. त्यात 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. ओढ सगळी तिकडेच. उड्डाणशाळेत प्रशिक्षक टिकत नाही, मग विद्यार्थ्याचे 200 तास लांबतात आणि घरच्या कर्जावरचे व्याज चढत राहते. म्हणूनच प्रशिक्षकाचे रेटिंग असलेल्या वैमानिकाला काम मिळण्याची शक्यता चांगली असते. एअरलाइनची भरती थंडावली तरी त्याची उपयुक्तता संपत नाही आणि शिकवताना त्याच्या स्वतःच्या लॉगबुकातही तास जमा होत राहतात.

आता एअरलाइनचे जगणे पाहू. पगार निश्चितच मोठा. पण दिवस रोस्टर ठरवते: पहाटेची ड्यूटी, रात्रीचे लँडिंग, परक्या शहरातल्या हॉटेलातला मुक्काम, घरी असूनही स्टँडबाय. गणपती-दिवाळीला प्रवासी वाढतात, तेव्हा वैमानिक कामावर असतो. थकवा हा सुरक्षेचा प्रश्न असल्याने नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये नवे नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंगची मर्यादा आली. वैमानिक पुरेसे नसताना हे नियम पाळणे किती अवघड जाते, ते डिसेंबर 2025 मध्ये दिसले. इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली.

प्रशिक्षकाचे काम बहुतांशी दिवसाउजेडी आणि एकाच धावपट्टीभोवती चालते. संध्याकाळी घरी परतता येते. पावसाळ्यात उड्डाणे खोळंबतात आणि पगार एअरलाइनच्या मानाने कमी असतो. जोखीमही खरी आहे. जुलै 2021 मध्ये शिरपूरच्या शाळेचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. त्यात प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि विद्यार्थिनी जखमी झाली. तिला डोंगरातून खाली आणायला स्थानिक आदिवासी धावून आले. विद्यार्थ्याला चूक करू द्यायची, पण ती हाताबाहेर जाण्याआधी कंट्रोल आपल्याकडे घ्यायचे, हे या कामाचे मर्म आहे. चांगला प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यामार्फत पुढच्या हजारो प्रवाशांची काळजी घेत असतो. म्हणून या नोकरीला एअरलाइन हुकलेल्यांची जागा समजणे मला अन्यायाचे वाटते.

निर्णय घेताना क्रम असा ठेवावा. फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान किंवा हृदयाचा अडथळा आधीच कळलेला बरा. मग दोन-तीन शाळा प्रत्यक्ष पाहा. उडण्याच्या स्थितीत विमाने किती, पूर्णवेळ प्रशिक्षक किती आणि गेल्या तुकडीला 200 तास पुरे करायला किती महिने लागले, हे विचारा. डीजीसीए उड्डाणशाळांची क्रमवारीही जाहीर करते, ती पाहा. कर्जाचा हप्ता मांडताना नोकरी लगेच मिळेल असे गृहीत धरू नका. परवान्यानंतर प्रशिक्षकाच्या रेटिंगचा विचार पहिल्या दिवसापासून मनात असू द्या. एअरलाइनचे बोलावणे आले तर जाता येईल. नाही आले किंवा ते जगणे मानवले नाही, तर धुळे-जळगावच्या धावपट्टीवर सन्मानाचे काम मिळू शकते.